पगार बत्तीस हजार आणि शौक स्पीकरचा: नागपुरात राहून दोन्ही कसं जमवायचं

२०१७ च्या दिवाळीत मी क्रेडिट कार्डावर ६२ हजाराचा फाइव्ह पॉइंट वन सेट (पाच स्पीकर आणि वर एक सबवूफर, म्हणजे फक्त बेसचा डबा) उचलला, आमच्या दहा बाय बाराच्या हॉलसाठी. खोकी घरात आली तेव्हा आई म्हणे, "काय आणून राहिला रे बाप्पा, कोणाचं लग्न आहे का?" पुढच्या महिन्यात स्टेटमेंट आलं, त्यात मिनिमम ड्यू ३,१०० लिहिलं होतं, तेवढं भरलं आणि वाटलं की जमतंय की आपल्याला. मग एका रविवारी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे २,१७०, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ३९०, म्हणजे मी भरलेल्या ३,१०० पैकी मुद्दलात गेले फक्त ५४० रुपये. शेवटी बायकोची भिशी लागली तेव्हा तिच्या पैशातून ते कार्ड बंद केलं आणि सेट विकला १९ हजाराला.

आज माझ्याकडे जे आहे ते सगळं मिळून १९,६५० रुपयात झालं आणि त्या सेटपेक्षा कितीतरी चांगलं वाजतं. यात अक्कल कमी आणि थांबणं जास्त आहे. कसं केलं ते क्रमाने सांगतो, क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक पायरी तीनपासून सुरू करतात (मीपण तेच केलं होतं).

पायरी १: पहिले पैशाचं

माझा हातात येणारा पगार ३२ हजार, हिंगणा एमआयडीसीत स्टोअरकीपर आहे. बायकोच्या ट्युशनचे १४-१५ हजार. घर मानेवाड्याला, बाबांनी बांधलेलं, भाडं नाही. हे सांगणं गरजेचं आहे कारण भाडं असतं तर पुढचे आकडे वेगळे राहिले असते, तुम्ही तुमचे बसवा.

आमचा नियम असा की घरखर्च, पोरीची फी, मेडिक्लेम आणि तीन महिन्यांच्या खर्चाएवढी बँकेत पडलेली रक्कम, हे सगळं झाल्यावर दोघांनाही महिन्याला सारखेच १,५०० रुपये. पगार कोणाचा जास्त आहे ते पाहायचं नाही आणि समोरच्याने त्याचं काय केलं ते विचारायचं नाही. ती तिच्या पैशातून कुंड्या आणते, गच्चीवर आता पाय ठेवायला जागा नाही, मी काही बोलत नाही. शौकावरून घरात जे भांडण होतं ते रकमेवरून कमी आणि लपवण्यावरून जास्त होतं, "ऑफरमध्ये होतं, तीनच हजाराचं आहे" हे वाक्य ज्याने घरी म्हटलेलं नाही त्याने हात वर करावा.

तर हे १,५०० रुपये मी १२ महिन्यांच्या आरडीत टाकतो. वर्षाचे १८ हजार, वर सहा-सातशे व्याज. व्याजासाठी नाही करत. आरडी मध्येच मोडली तर व्याज कापतात आणि बँकेच्या ॲपमध्ये चार वेळा "खात्री आहे का" विचारतात, तेवढ्यात माणूस शुद्धीवर येतो. दसऱ्याच्या आधी सुटेल अशी सुरू करा, त्याचं कारण पायरी चारमध्ये येईल.

नो कॉस्ट ईएमआयबद्दल एवढंच: बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट दाखवून ते झाकतो, त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्या खिशातून जातो आणि वर प्रोसेसिंग फी. रोख पैसे देतो म्हटलं की तीच सूट बरेचदा सरळ किमतीत मिळते, विचारून तर पाहा. आणि बाहेरून वस्तू मागवत असाल तर साइटवर दिसते ती किंमत नसते, कस्टम ड्युटी, त्यावर जीएसटी आणि कुरिअरवाल्याचा क्लिअरिंग चार्ज, हे सगळं दारात वसूल होतं.

पायरी २: जे फुकटात होतं ते आधी

नवीन काही घेण्याआधी खोली पाहा. टेप काढा, लांबी-रुंदी-उंची मोजा आणि हा हिशोब करा: ३४३ ला लांबीच्या दुपटीने भागायचं, लांबी मीटरमध्ये. उत्तर म्हणजे खोली ज्या सुराला घुमते तो सूर, हर्ट्झमध्ये (सेकंदाला किती कंपनं). ३४३ म्हणजे आवाजाचा वेग, सेकंदाला मीटर. माझा हॉल १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, त्याचं उत्तर येतं ४७ हर्ट्झ. रुंदी १० फूट, ३.०५ मीटर, उत्तर ५६ हर्ट्झ. आणि छत? तेही १० फूट. म्हणजे ५६ च्या आसपासचा आवाज रुंदीतपण घुमतो आणि उंचीतपण, दोन्ही एकमेकांवर चढतात. बेस गिटारची ए तार ५५ हर्ट्झची असते, तर माझ्या घरी बेस गिटारवाला त्या तारेवर आला की सगळ्या गाण्यांत एकच भोंगा वाजायचा आणि मी सहा महिने ॲम्प्लिफायरला शिव्या घालत होतो. ॲम्पचा काही दोष नव्हता, दोष गवंड्याचा म्हणा फार तर.

(एक गंमत, आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, ४५ अंशाला तो ३५८ च्या आसपास जातो, म्हणजे मे महिन्यात माझा भोंगा ५६ वरून ५८-५९ वर सरकतो. नागपूरचा उन्हाळा भिंतीतल्या सुरालाही सोडत नाही.)

आता करायचं काय? स्पीकर भिंतीला आणि कोपऱ्याला चिकटवू नका, निदान फूट-दीड फूट पुढे ओढा. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची, तिन्हींत साधारण सारखं अंतर ठेवा. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा गोल, बसल्यावर कानाच्या उंचीला यायला पाहिजे, टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंबलेला स्पीकर कितीही महागाचा असला तरी वायाच. आणि पाठीमागच्या भिंतीला टेकून बसू नका, बेस (खालचा, जाड आवाज) तिथेच सगळ्यात जास्त फुगतो. आमच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावलेला आहे आणि तो तिथेच राहणार, आईचा आहे, म्हणून मी ऐकताना प्लॅस्टिकची खुर्ची अडीच फूट पुढे आणून बसतो. ऐकून झालं की खुर्ची परत अंगणात.

मग टाळी वाजवून पाहा. चर्रकन झणझण आली तर समोरासमोरच्या भिंती मोकळ्या आहेत. अंड्याचे ट्रे लावू नका, बेससाठी त्यांचा काही उपयोग नाही आणि झुरळं होतात. आपण कापसाच्या मुलखात राहतो राजेहो, घरात जुन्या गाद्या पडल्या असतात. मी एका जुन्या गादीचा कापूस गादीवाल्याकडून पिंजून घेतला, लकडगंजमधून लाकडी पट्ट्या आणून चार बाय दोन फुटाच्या, चार इंच खोल अशा तीन चौकटी केल्या, वरून सुती कापड ताणून बसवलं. १,१०० रुपये लागले. लावायच्या कुठे ते आरशाने ठरवा: खुर्चीवर तुम्ही बसा, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा, जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथे चौकट. कापूस आहे, स्विचबोर्डाच्या आणि देवाच्या दिव्याच्या जवळ चुकूनही नको.

पायरी ३: कशावर किती

पैशाचा अर्धा भाग स्पीकरवर. उरलेल्यातला मोठा तुकडा ॲम्पवर. बाकी सगळं चिल्लर आहे, खरंच चिल्लर.

वॉटच्या आकड्याला भुलू नका. डब्यावर जे मोठ्या अक्षरात लिहितात त्याला काही अर्थ नाही, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहा. समजा ८६ डेसिबल लिहिलं आहे, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर एवढा आवाज. तुम्ही अडीच मीटरवर बसता, ८ डेसिबल गेले, राहिले ७८. स्पीकर दोन आहेत, ३ मिळाले, ८१. आता १० वॉट द्या, १० डेसिबल वाढतात, झाले ९१. घरात आपण ७०-७५ वर ऐकतो आणि मोठा ठोका आला तर १५ वर जातो, म्हणजे १० वॉटमध्ये काम भागलं. ५० वॉटचा ॲम्प सोडून १०० चा घेतला तर मिळतात फक्त ३ डेसिबल, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. म्हणून ३०-४० वॉटचा इमानदार ॲम्प घ्या. बजेट अगदीच कमी असेल तर टीपीए३११६ किंवा टीपीए३२५५ चिपवरचे छोटे क्लास डी ॲम्प मिळतात, तळहाताएवढे, गरम कमी होतात, आपल्याकडच्या हवेत हा मोठाच गुण आहे.

वायरचं सांगतो आणि पुढे जातो. घरच्या फिटिंगची १.५ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर. पाच मीटर लांब टाकली तर जाऊन-येऊन १० मीटर, तिचा रेझिस्टन्स होतो ०.१२ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरसमोर तो दीड टक्का. ४०० रुपयात माझं काम झालं. पंधरा हजाराची केबल विकणारा दुकानदार वाईट माणूस नसतो, त्यालाही घर चालवायचं असतं, फक्त ते आपल्या पगारावर नको.

सोर्ससाठी, म्हणजे जिथून गाणं वाजतं त्यासाठी, वेगळा डबा घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं. जुना फोन किंवा लॅपटॉप आणि ९०० रुपयांचा यूएसबी डोंगल. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हापासून १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ हे माणसाच्या कानाला पुरून उरतं. विश्वास नसेल तर चाचणी घ्या. मी मित्राचा १८ हजाराचा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्पला चालेल असा सिग्नल करणारा डबा, डोंगलही तेच करतो) आठवडाभर आणला, दोन्हींचा आवाज मल्टीमीटरने सारखा करून घेतला (हे फार गरजेचं आहे, एक डेसिबल जास्त वाजलेलं नेहमी "चांगलं" वाटतं), आणि आईला पाठमोरं बसवलं. आईने दहापैकी सहा वेळा डोंगल पसंत केला आणि चार वेळा डॅक, आणि मग म्हणे, "दोन्ही एकच आहे ना रे, मले काहून बसवून ठेवलं?" माझे स्वतःचे मार्क यापेक्षा काही वेगळे नव्हते.

हो, एलपी, म्हणजे जुन्या तबकड्या, रेकॉर्ड. शौक म्हणून मस्त आहे, पण हा दुसरा संसार आहे. सुई ५०० ते १,००० तासांत बदलावी लागते, चांगली रेकॉर्ड आता स्वस्त राहिली नाही, आणि आपल्याकडे ऊन. एका एप्रिलमध्ये मी इतवारीतून दोन रेकॉर्ड घेतल्या, डिक्कीत ठेवल्या, वाटेत रसवंतीवर अर्धा तास गप्पा मारत बसलो. घरी आलो तर एक पापडासारखी झाली होती.

पायरी ४: जुनं घेताना

मी सगळं जुनंच घेतो. नवीन वस्तू दुकानाच्या पायऱ्या उतरली की किंमत पडते, ती पडलेली किंमत दुसऱ्याने भरलेली असू द्या. आणि वेळ म्हणजे दसरा ते दिवाळी, कारण तेव्हा घरोघरी झाडझूड निघते, माळ्यावरचं खाली येतं, घरातली बाई म्हणते हे आत्ताच्या आत्ता काढा. सीताबर्डीतल्या आणि इतवारीतल्या रिपेअरवाल्यांशी ओळख ठेवा, चांगला माल भंगारात जायच्या आधी त्यांच्या टेबलावर येतो. माझे स्पीकर असेच ९ हजारात मिळाले, ॲम्प साडेसहा हजारात.

जाताना खिशात तीन गोष्टी: ३५० रुपयांचा मल्टीमीटर, दीड व्होल्टचा सेल, आणि फोनमध्ये तुमची पाठ असलेली चार गाणी. बंद वस्तू "चालते भाऊ, फक्त वायर नाही" म्हणून कोणी देत असेल तर वायर घेऊन परत जा.

स्पीकरची जाळी काढायला लावा. कोनच्या कडेची रिंग फोमची असेल तर बोटाने हलकं दाबा, चुरा पडला तर ती गेली, बदलून मिळते पण तो खर्च किमतीतून कापा. रबराची असेल तर बहुतेक ठीक असते. पाची बोटांनी कोन सरळ आत दाबा, खरखर आली तर आतली कॉइल घासते आहे, सोडून द्या. मल्टीमीटर लावा, ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते सातच्या मध्ये काही दाखवेल, काहीच नाही दाखवलं तर तार तुटली आहे. सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस, तर वूफर (जाड आवाजाचा मोठा गोल) बाहेर यायला पाहिजे, दोन्हींचा सारखा.

ॲम्पचं जास्त जपून. आधी मागचं लेबल वाचा, जपानमधून आलेला सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२० चा, आपल्या २३० वर लावला की धूर. स्पीकर न जोडता चालू करून स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा, ५० मिलिव्होल्टच्या आत असलं तर चालेल, जास्त असेल तर तो तुमचा स्पीकर खाईल. मग स्पीकर जोडून व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, कान वूफरजवळ, हम (सततचा घुं आवाज) येते का पाहा. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते, पण तोंड वाकडं करून दोनशे कमी करून घ्या. अर्धा तास वाजवा. मालकाने चहा विचारला तर घ्या, तेवढाच वेळ जास्त मिळतो.

आतले कॅपॅसिटर फुगले आहेत का तेही पाहायला मिळालं तर उत्तम. दर १० अंश गरमी वाढली की त्यांचं आयुष्य अर्धं होतं असा ढोबळ नियम आहे, म्हणजे आपल्या नागपुरात वीस उन्हाळे काढलेला ॲम्प थंड शहरातल्यापेक्षा म्हातारा धरायचा. माझ्या ॲम्पचे चार बदलले.

मुंबई-पुण्याचा माल असेल तर कुरिअरच्या भरवशावर नको, मॅग्नेटच्या वजनाने स्पीकर आतून सुटतात. मी एक जोडी विदर्भ एक्सप्रेसने बर्थखाली ठेवून आणली, रात्रभर तीनदा उठून पाहिलं, शेजारचे काका म्हणाले, "सोनं आहे का बावा त्याच्यात?"

पायरी ५: आपला उन्हाळा आणि कूलर

हे कोणत्याच परदेशी लेखात सापडणार नाही. मार्च संपला की खिडकीला कूलर लागतो आणि जूनपर्यंत तोच आपला मुख्य स्पीकर असतो. फोनच्या ॲपवर माझ्या खुर्चीपाशी ६२ डेसिबल येतात, म्हणजे तानपुरा गेला, आलापाचा शेवटचा श्वास गेला, उरले ताशे. आवाज वाढवून कूलरशी स्पर्धा करू नका. पहाटे पाच ते सात ऐका, कूलर बंद असतो, शेजाऱ्यांचाही. दुपारी ऐकायचंच असेल तर बंद कपांचा हेडफोन घ्या, पण बेतानं: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास, त्याच्या वर कानाला धोका. कान बदलून मिळत नाहीत.

कूलरच्या झोतात सेट नको. ओल्या हवेने कागदी कोन सैल पडतो, खोक्याचा एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा बोर्ड) फुगतो, टर्मिनल हिरवे होतात. ॲम्पच्या वर चार बोटं जागा मोकळी सोडा, वर डॉयली आणि फुलदाणी ठेवायची नाही. वळवाचा पाऊस आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, बटण बंद करून भागत नाही, अँटेना किंवा केबलची वायर जोडलेली असेल तर तीही काढा. सगळी यंत्रं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर लावा, निम्मी हम तिथेच जाते. हम घालवायला तिसरी पिन कापा असं कोणी सांगेल, ऐकू नका, शॉक लागेल.

पायरी ६: खाज सुटते तेव्हा

सुटतेच. माझ्या वहीत दोन रकाने आहेत, वस्तू आणि तारीख. मनात आलं की लिहायचं, ३० दिवसांनी परत पाहायचं. गेल्या वर्षी अकरा नोंदी झाल्या, त्यातली घेतली एक, ९०० चा डोंगल खराब झाला म्हणून दुसरा. एक आत आलं की एक बाहेर, हाही नियम आहे, आणि बाहेर जाणाऱ्याचे पैसे त्याच खात्यात.

चाळिशी जवळ आली असेल तर फोनवर टोन जनरेटर (हवा तो सूर काढणारं ॲप) लावून तुम्हाला कुठपर्यंत ऐकू येतं ते तपासा. माझं १४ किलोहर्ट्झला संपतं. त्या दिवशी ट्वीटर अपग्रेडचा विषय आपोआप मिटला.

आणि खरं वाद्य ऐकायला जा, नाहीतर घरच्या सेटची तुलना कशाशी करणार? सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह, दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्र, रेशीमबागचं सुरेश भट सभागृह, इथले कितीतरी कार्यक्रम फुकट किंवा जेमतेम तिकिटाचे असतात. शक्यतो माइक कमी असलेली बैठक पाहून पुढे बसा, डग्ग्यावर मनगट घासतं तो आवाज लक्षात ठेवा, घरी येऊन त्याच रात्री तबल्याचंच काही लावा. पहिल्यांदा केलं तेव्हा मी परत येऊन स्पीकर चार इंच पुढे ओढले, खर्च शून्य.

या वर्षीची आरडी सप्टेंबरात सुटते. वहीत आत्ता एकच नोंद उभी आहे, छोटा सबवूफर, तारीख २ एप्रिल, आणि तिच्यासमोर बायकोने पेन्सिलने लिहून ठेवलं आहे, "५६ हर्ट्झचं काय?" तेव्हा आधी खोलीचंच पाहायचं, चार इंचाच्या चौकटीने ५६ फारसं हलणार नाही, पण माळ्यावर अजून एक गादी आहे.